अतिसंवाहक डिटेक्टर, अवकाशातील दुर्बिणी आणि प्रयोगशाळेचा दरवाजा

(हरसूल, जि. नाशिक येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाला सभेत बोलावले म्हणजे तो दाखले, दावे आणि अर्ज यांविषयीच बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. वनहक्काचे दावे आणि जातपडताळणीची प्रमाणपत्रे हे विषय हरसूलला नवे नाहीत, आणि त्यांचे महत्त्व मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. परंतु आज मी निराळा विषय घेऊन उभा आहे. जगात काही इंजिनीअर असे आहेत की, जे आपले सारे आयुष्य नखाएवढ्या धातूच्या एका पातळ थरावर खर्च करतात. तो थर ते निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ पोचेल इतका थंड करतात आणि दुर्बिणीच्या पाठीमागे बसवून अवकाशात पाठवितात. हे काम काय आहे, त्याला किती वर्षे लागतात आणि ज्या खोलीत ते चालते तिचा दरवाजा कोणाला किती उघडा आहे, हे मला सांगावयाचे आहे. शेवटच्या प्रश्नापाशी वकील आपोआप येतो. म्हणून हा विषय माझ्या धंद्याला अगदीच परका आहे, असे समजू नका.

मृग निघाला की तुमच्याकडे भात-नागलीची धांदल सुरू होते. त्या दिवसांत सूर्यच मृगात असतो, त्यामुळे मृगाच्या चांदण्या दिसत नाहीत. हिवाळ्यात मात्र हरसूलच्या अंधाऱ्या आकाशात ते नक्षत्र ठळक उठून दिसते आणि त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण लहान पोरही ओळखते. त्या बाणाच्या आसपास डोळ्यांना जेथे नुसता काळोख दिसतो, तेथे वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग आहेत आणि त्यांच्या पोटात नवे तारे जन्माला येत आहेत. यांतील पुष्कळशी धूळ फार थंड, म्हणजे उणे अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास असते. ती डोळ्यांना दिसेल असा प्रकाश देत नाही. परंतु प्रत्येक पदार्थ आपापल्या उष्णतेप्रमाणे किरण बाहेर टाकीतच असतो, तशी ही धूळही टाकते. हे किरण अवरक्त जातीचे असून त्यांची तरंगलांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास असते. ते टिपता आले तर तारा कसा जन्मतो याचा साक्षीपुरावा हाती येतो.

यात दोन अडचणी आहेत. पहिली आपल्या वातावरणाची. हवेतील पाण्याची वाफ हे किरण गिळून टाकते, म्हणून उपकरण हवेच्या वर न्यावे लागते. दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि कोर्टात वावरणाऱ्या माणसाला ती लवकर समजते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, त्याचा आवाज अत्यंत क्षीण आहे आणि कोर्टाच्या दालनात गलका चालला आहे. साक्षीदाराला ओरडावयाला लावता येत नाही. तेव्हा दालनच शांत करावे लागते. येथे गलका करणारे दालन म्हणजे खुद्द उपकरण. दुर्बिणीचा आरसा, तिचा सांगाडा, डिटेक्टर, तारा, हे सारे आपापल्या उष्णतेने किरण फेकीत असतात आणि त्या गोंगाटात ताऱ्यांमधील धुळीचा आवाज बुडून जातो. म्हणून डिटेक्टरला थंड करावयाचे, आणखी थंड करावयाचे, आणि त्याच्या अणूंची धडपडच जवळजवळ थांबवून टाकावयाची. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियस. तेथून वर मोजलेल्या अंशांना केल्विन म्हणतात. या इंजिनीअरांचे काम एका केल्विनच्याही खाली, कधी त्याच्या विसाव्या हिश्शात चालते.

आपल्या राज्यातच हे काम झाले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे कुलाब्याच्या टीआयएफआरने, १ मीटर व्यासाच्या आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण बनविली आणि ती हैदराबादच्या तळावरून प्लास्टिकच्या अजस्र फुग्याला बांधून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठविली. १९९०च्या दशकातील उड्डाणांत या दुर्बिणीमागे १२ बोलोमीटर होते. बोलोमीटर म्हणजे किरण पडताच किंचित तापणारा आणि ते तापणे विजेच्या भाषेत सांगणारा एक कण. हे १२ कण हेलियम-३ नावाच्या दुर्मीळ द्रवाने ०.३ केल्विनपर्यंत थंड केलेले असत. घोष, रेंगराजन, टंडन, वर्मा, मुखर्जी अशा शास्त्रज्ञांनी या उड्डाणांतून मृगातील थंड धुळीचे नकाशे काढले. १९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांचे एक वर्णपटमापक याच दुर्बिणीवर बसवून, ढगांतील कार्बनच्या १५८ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांचाही वेध घेण्यात आला.

रात्रभर आकाश पाहून झाले की उपकरण छत्रीच्या आधाराने खाली उतरे, ते कोणाच्या तरी शेतात. म्हणून हैदराबादहून फुगे सुटावयाचे असले म्हणजे तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या सीमेकडील जिल्ह्यांत सूचना दिली जाते की, असे काही पडलेले आढळल्यास त्याला हात लावू नये आणि जवळच्या पोलिसांना किंवा टपाल कचेरीला कळवावे. मृगातील धुळीचा नकाशा ज्या पेटीत आहे ती पेटी ज्वारीच्या रानात पडलेली आहे, आणि तिची पहिली राखण करणारा मनुष्य त्या रानातला मजूर आहे! मला या व्यवस्थेचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पेटी खाली उतरली की तिचा आणि त्या मजुराचा संबंध येतो. ती वर पाठविण्याच्या वेळी तो का येत नाही, याकडे मी पुढे वळणार आहे.

टीआयएफआरचे ते बोलोमीटर अतिसंवाहक नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अतिसंवाहक डिटेक्टर ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. ती समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओनेस याने १९०८ साली हेलियम वायूचा प्रथमच द्रव केला आणि १९११ साली त्याच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, सुमारे ४.२ केल्विनला पाऱ्यातील विजेचा विरोध एकाएकी नाहीसा होतो. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. ओनेसला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या दिवशी प्रयोगशाळेत कोण कोण होते? थंड करण्याचे यंत्र सांभाळणारा खेरिट फ्लिम हा कारागीर होता, आणि विजेची मापे गिलेस होल्स्ट घेत होता. ज्या काचेच्या भांड्यांवाचून काहीच झाले नसते ती फुंकणारा केसेलरिंग हा काचकाम करणारा होता. निबंधावर नाव मात्र एकट्या ओनेसचे लागले. तरीही ओनेसच्या पदरी एक मोठे पुण्य आहे. उत्तम उपकरणे बनविणारे हात आपोआप मिळत नाहीत हे त्याने ओळखले आणि १९०१ साली उपकरणे घडविणाऱ्यांची एक शाळाच लायडेनला काढली. तेथील उमेदवार मुलांना त्यांच्या डगल्यांवरून ‘निळी मुले’ म्हणत. (निळा रंग येथे केवळ योगायोगाने आला आहे, पण मला तो आवडला.)

आपल्या देशात विद्या एका घरी आणि हत्यार दुसऱ्या घरी अशी वाटणी झाली. ज्याच्या हाती करवत-हातोडी, त्याच्या हाती पुस्तक नाही. आणि ज्याच्या हाती पुस्तक, त्याला हत्याराचा विटाळ. जातिभेद ही कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या त्या न झालेल्या भाषणात दाखवून दिले होते. मी हे प्रचारासाठी आणीत नाही. ज्या धंद्याविषयी आज मी बोलत आहे, तो या वाटणीत तग धरूच शकत नाही. अतिसंवाहक डिटेक्टर बनविणारा मनुष्य सकाळी समीकरण मांडतो आणि दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तार जोडतो. निर्वात भांड्याचे झाकण हवा आत शिरणार नाही असे तोच बसवितो, भांडे धुतो, गळती शोधतो आणि चार वेळा सारे उकलून पुन्हा जोडतो. यातील कोणते काम ब्राह्मणाचे आणि कोणते शूद्राचे, हे तेथे विचारून चालत नाही.

अतिसंवाहकाचा उपयोग किरण मोजण्यासाठी होईल, ही कल्पना जुनी आहे. धातू अतिसंवाहक होण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर धरून ठेवला, तर किंचित उष्णतेनेही त्याचा विरोध झपाट्याने वाढतो. घाटाच्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाऱ्याची लहानशी झुळूकही पुरते, तसाच हा प्रकार. अमेरिकेत डोनाल्ड अँड्र्यूज याने १९४०च्या दशकाच्या आरंभी असा बोलोमीटर करून दाखविला. मग तो लगेच वापरात का आला नाही? कारण कड्यावर उभे राहणे सोपे नाही. अंशाच्या अगदी लहान हिश्शात तापमान स्थिर राखावे लागते. जरा इकडे झाले की विरोध शून्य, जरा तिकडे झाले की धातू साधा. शिवाय त्याच्या क्षीण विद्युत्प्रवाहाला जुळेल असे वर्धक यंत्रही नव्हते. अर्धे शतक ही गोष्ट जवळजवळ तशीच पडून राहिली.

१९९५ साली केंट अर्विन याने एक साधी वाटणारी युक्ती मांडली. धातूला ठरावीक प्रवाह देण्याऐवजी ठरावीक व्होल्टेज द्यावयाचे. मग किरण पडून धातू तापला की त्याचा विरोध वाढतो, विरोध वाढला की विजेने त्यात निर्माण होणारी उष्णता कमी होते, आणि धातू आपोआप पुन्हा उंबरठ्यावर येतो. बाहेरून कोणी त्याला सावरावे लागत नाही. तोच स्वतःला सावरतो. त्याच्या प्रवाहातील बारीकसा बदल वाचण्यासाठी ‘स्क्विड’ नावाचे अतिसंवाहक यंत्र जोडले की डिटेक्टर तयार! मी या युक्तीचा पहिल्याने अर्थ लावला तेव्हा मला फार वेळ हसू येत होते. पन्नास वर्षे ज्या कड्यावर लोक धापा टाकीत उभे राहण्याचा यत्न करीत होते, तेथे प्रवाहाची बाजू बदलताच धातू स्वतःहून उभा राहिला.

आणखी एक जात पुढे निघाली. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात. प्रकाशाचा कण पडला की काही जोड्या फुटतात, आणि तेवढ्याने त्या धातूच्या लहानशा मंडलाचा सूर बदलतो. प्रत्येक डिटेक्टरचा सूर निराळा ठेवला तर शेकडो डिटेक्टर एकाच तारेवरून वाचता येतात, जशी एकाच रेडिओवर निरनिराळी केंद्रे लागतात. पीटर डे, लेड्यूक, मझिन, वायोनाकिस आणि झ्मुइड्झिनास या पाच जणांनी कॅलिफोर्नियातील कामाचा असा निबंध २००३ साली प्रसिद्ध केला. या जातीच्या डिटेक्टरांवर आधारलेली ‘प्रिमा’ नावाची अवकाश-दुर्बिणीची योजना नासाने २०२४ च्या ऑक्टोबरात पुढील अभ्यासासाठी निवडली. त्या वेळी निवडलेल्या दोन योजनांपैकी एकच पुढे न्यावयाची आणि २०३२ साली अवकाशात धाडावयाची, असे ठरले होते. निबंधापासून प्रक्षेपणाच्या साली पोचावयालाच एकोणतीस वर्षे होतात. त्यातही दोनांपैकी एकीलाच संधी! २००३ साली पंचविशीत असलेला इंजिनीअर तोवर पन्नाशी ओलांडून गेलेला असेल.

मित्रहो, या धंद्यात किती धीर लागतो, ते मी एका उदाहरणाने सांगतो. मात्र ते दूर-अवरक्ताचे नसून क्ष-किरणांचे आहे. १९८४ साली हार्वे मोझली, जॉन मॅथर आणि डॅन मॅककॅमन यांनी असे सुचविले की, क्ष-किरणाचा एकेक कण पडल्यावर होणारी सूक्ष्म उष्णता मोजली, तर त्या कणाची ऊर्जा अपूर्व अचूकपणे कळेल. डिटेक्टर निरपेक्ष शून्याच्या सुमारे ०.०५ अंश वर ठेवावयाचा. रिचर्ड केली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे उपकरण घडविले, आणि जपानच्या उपग्रहावरून ते जावयाचे ठरले. १० फेब्रुवारी २००० रोजी अग्निबाण बिघडला आणि उपग्रह गेला. पुन्हा बनविले. १० जुलै २००५ रोजी ते अवकाशात पोचले, थंड झाले, अपेक्षेप्रमाणे चालू लागले. आणि आकाशातील एकाही वस्तूचे खरे निरीक्षण होण्यापूर्वीच ऑगस्टमध्ये थंड ठेवणारे हेलियम सारे उडून गेले. पुन्हा बनविले. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘हितोमी’ नावाच्या उपग्रहावरून ते गेले. २६ मार्च रोजी, नियंत्रणाचे चुकीचे आकडे पाठविले गेल्यामुळे उपग्रह गरगर फिरू लागला आणि फुटला. मधल्या काही आठवड्यांत त्याने ययाती तारकासमूहातील दीर्घिकांच्या एका समूहाकडे पाहून घेतले होते. तेथील कोट्यवधी अंश तापलेला वायू किती शांत आहे, त्याच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर एवढाच आहे, हे त्याने सांगितले. एवढी एकच साक्ष नोंदविली गेली आणि साक्षीदार मेला.

चौथ्यांदा बनविले. ७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘क्रिझम’ हा उपग्रह गेला. त्याच्या डिटेक्टरमध्ये ३६ कण आहेत. अवकाशात गेल्यावर उपकरणापुढची एक झडप उघडेना! त्या बंद झडपेतील पातळ खिडकीतून कमी ऊर्जेचे किरण शिरू शकत नाहीत. वरच्या ऊर्जेचे शिरतात, आणि तेवढ्यावर काम चालू झाले. कल्पनेपासून चौथ्या उड्डाणापर्यंत एकोणचाळीस वर्षे. हे ३६ कण अजून सिलिकॉनच्या तापमापकांचेच आहेत. अर्विनच्या पद्धतीचे अतिसंवाहक कण, दीड हजाराहून अधिक संख्येने, युरोपच्या ‘न्यू-अथेना’ या पुढील दुर्बिणीत बसवावयाचे आहेत, आणि तीही २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जावयाची आहे.

आमच्या धंद्यातही दावे वीस-वीस वर्षे चालतात. पण दावा चालवावयास वकील दर वेळी नवीन कोर्ट बांधीत नाही. या माणसांनी चारदा सारे पहिल्यापासून उभे केले. हे त्यांना कशामुळे जमले? स्वभाव खंबीर असेल, हे खरे. परंतु स्वभावापेक्षा मोठे कारण हे की, त्यांना कायमची नोकरी होती, प्रयोगशाळा होती, आणि सरकारी पैसा अपयशानंतरही आटला नाही. ज्याच्या घरी कमावणारा तोच एक आहे, ज्याला दर वर्षी शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहावी लागते, त्याला चाळीस वर्षांचा धीर धरा असे नुसते सांगणे ही क्रूर थट्टा आहे. धीर धरावयालाही खालून काही आधार असावा लागतो. हा आधार राज्याने द्यावयाचा असतो, आणि तो कोणाला मिळतो हे प्रवेशाच्या दारापाशी ठरते.

आता त्या दाराकडे येतो. घटनेत ९३ वी दुरुस्ती झाली, कलम १५(५) आले, आणि त्यानुसार केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशांत आरक्षण ठेवणारा २००६ चा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के आणि इतर मागासवर्गांना २७ टक्के जागा दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००८ रोजी अशोककुमार ठाकूर खटल्यात, मागासवर्गांतील उन्नत थर वगळून, हा कायदा उचलून धरला. यावर पुष्कळ बोलले गेले. पण चौथे कलम फार थोड्यांनी वाचले. ते सांगते की, परिशिष्टात नावे दिलेल्या उत्कृष्टतेच्या संस्था आणि संशोधनसंस्था यांना तिसरे कलम लागू नाही. ते परिशिष्ट उघडा. त्यात पहिलेच नाव मुंबईच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचे, तिच्या घटक संस्थांसह. दुसरे नाव टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. पुढे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा. म्हणजे ज्या कामाविषयी मी अर्धा तास बोलत आहे, ते काम ज्या संस्थांत शिकावयास मिळते, त्यांतील प्रमुख नावे एका पानावर गोळा केलेली आहेत. आणि ते पान सवलतीचे नसून अपवादाचे आहे.

नोकरीच्या बाजूसही असाच कल आहे. इंद्रा साहनी खटल्यात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी बहुमताच्या निकालाने आरक्षणाचे तत्त्व मान्य केले. परंतु संशोधनाच्या क्षेत्रातील काही वरच्या तांत्रिक जागांवर ते ठेवणे इष्ट नसेल, असेही मत त्यात नमूद झाले आहे.

वकील या नात्याने मी येथे एकच प्रश्न विचारतो. हे गृहीतक कोणत्या पुराव्यावर उभे आहे? कायद्यात गृहीतके दोन प्रकारची असतात. काही पुराव्याने खोडता येतात, काही खोडता येत नाहीत. “जेथे उत्कृष्टता तेथे वाटा नको” हे गृहीतक खोडता येण्याजोगे असावयास हवे होते. पण परिशिष्टात नाव घातले की पुराव्याचा प्रश्नच मिटतो. अपवादाच्या बाजूने जे सांगितले जाते तेही ऐकून घेऊ. असे म्हणतात की, ही कामे अतिशय नाजूक आहेत, जागा थोड्या आहेत, आणि एका चुकीने कोट्यवधींचा उपग्रह जातो. उपग्रह जातात, हे खरेच. मी आताच तीन अपघात सांगितले. ते अग्निबाण, हेलियम आणि आकडे यांमुळे झाले, आणि ते सारे निवडक, नामांकित लोकांच्या हातून झाले. चूक न होण्याची हमी जन्माने मिळत नाही. ती तपासणीने, पुन्हा तपासणीने आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याच्या सवयीने मिळते. जागा थोड्या आहेत हेही खरे. परंतु थोड्या जागांची वाटणी कशी व्हावी, याचेच तर नाव न्याय. भरपूर असते तर कोर्टच लागले नसते.

नाशिक जिल्ह्याला बंद दरवाजाबाहेर बसलेली माणसे ठाऊक आहेत. १९३० साली काळाराम मंदिरापाशी जी बसली, त्यांना आत जे होते त्याची नव्हे, तर माणसाच्या हक्काची चाड होती. कुलाब्याच्या दरवाजाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे कोणी तुम्हाला जात विचारून अडवीत नाही. परीक्षा सर्वांना खुली आहे. पण त्या परीक्षेपर्यंत पोचण्याच्या वाटेवर, हरसूलसारख्या गावात, विज्ञान शाखेचे महाविद्यालय किती दूर आहे, भौतिकीची प्रयोगशाळा वर्षातून किती दिवस उघडते, आईबाप द्राक्षाच्या बागेत मजुरीला गेले की धाकट्यांना कोण सांभाळते, हे प्रश्न दरवाजावरच्या माणसाला दिसत नाहीत. साक्ष ऐकू आली नाही म्हणून साक्षीदारच नव्हता, असा निष्कर्ष कोणी न्यायाधीश काढणार नाही. तो आधी दालनातील गोंगाट थांबवील.

यावर उपाय काय, असे तुम्ही विचाराल. कायदेशीर उपाय दिसतो त्याहून सोपा आहे. त्याच चौथ्या कलमात अशी तरतूद आहे की, केंद्र सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून परिशिष्टात फेरफार करता येतो. संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. आणि अपवाद म्हणजे मनाई नव्हे. परिशिष्टातील संस्थेने आपण होऊन वाटा ठेवावयाचे ठरविल्यास हे कलम तिचा हात धरीत नाही. ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपुढे कोणी लेखी ठेवली आहे काय? जातीच्या दाखल्यासाठी आपण मोर्चा काढतो; परिशिष्टातील एका नावासाठी साधा अर्जही करीत नाही, कारण त्या नावाच्या आत काय चालते हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून मी आज धातूच्या थराविषयी इतका वेळ बोललो.

अधिसूचना निघेपर्यंत मुलांनी थांबू नये. जे दरवाजे या कायद्याखाली आहेत, ते आजच उघडे आहेत. आयआयटी, आयसर यांत आरक्षण लागू आहे, आणि २००७ साली सुरू झालेल्या तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतही आहे. बारावीला गणित आणि भौतिकी सोडू नका. कला शाखा वाईट नाही, पण ती सोय म्हणून घेऊ नका. आणि ज्यांना पदवीपर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी आयटीआयच्या कामाला खालचे समजू नये. निर्वात यंत्रे, जोडकाम, बारीक कातकाम यांवाचून कोणतीही प्रयोगशाळा एक दिवस चालत नाही. फ्लिम आणि केसेलरिंग यांच्यावाचून ओनेसचेही चालले नसते. तेथून पुढे पदवीकडे जाणे कठीण आहे, अशक्य नाही. पालकांना एवढेच सांगतो की, मुलगी यंत्र उघडून बसली तर तिला रागावू नका. नवा मिक्सर असला तर गोष्ट वेगळी.

२००६ च्या कायद्याची आणि त्याच्या परिशिष्टाची एक प्रत मी येथे शिक्षकांपाशी ठेवून जात आहे. ती इंग्रजीत आहे, पण चौथे कलम अर्ध्या पानाचे आहे; दोघा-चौघांनी बसून वाचले तर संध्याकाळपर्यंत समजेल. अर्जाचा मराठी मसुदा मी लिहून आणला आहे. त्यावर सही करण्यापूर्वी ते कलम स्वतः वाचावे, माझ्या सांगण्यावर विसंबू नये. आता तुमचे प्रश्न येऊ द्या. मुलींनी आधी विचारावे, कारण मघापासून मागच्या ओळीतला एक हात वर झालेला मी पाहत आहे.